वर राहिलेला आरसा

जुन्या बाजारातून भाव पाडून आणलेले माझे रशियन कॅमेरे आज पुसत होतो. एकाला डोळा लावला तर आत मिट्ट काळोख. या कॅमेऱ्याची रीतच अशी, की बटण दाबलं की आतला आरसा वर जातो आणि वरच राहतो. पुढच्या फोटोसाठी खटका ओढेपर्यंत काही दिसत नाही.

शेवटचा फोटो धाकट्या भावाचा, दिवाळीत इथेच, समोरच्या त्याच्या खुर्चीत बसवून काढलेला. मी बटण दाबलं आणि तो पाहुण्यांसमोर हसत म्हणाला, "दादा, दुकान चालतं माझ्या जिवावर, पाटीवर नाव मात्र तुझं." शून्यातून उभं केलेलं दुकान माझं. मी त्याला तिथेच दार दाखवलं.

"अहो, ओढा की तो खटका," बायको म्हणाली. "किती दिवस असं बसणार?"

"आधी त्याने यावं."

समोरच्याला आधी बोलायला लावूनच मी आजवर सगळे सौदे जिंकले. आता त्याच सवयीत कोंडलो आहे, आणि त्याचं हसू इथे फिल्मवर कोंडलेलं. अंगठा खटक्यावर ठेवला. ओढला असता तर समोर त्याची रिकामी खुर्ची दिसली असती. कॅमेरा तसाच फळीवर ठेवून दिला.