भैयासाहेबांनी राखलेल्या शेळ्या

माझी थोरली जाऊ कडूबाई हिला एक अक्षर वाचता येत नाही. बँकेत अंगठा उठवते, अकरा शेळ्या राखते, सकाळ-संध्याकाळ मिसरी लावते, आणि घाटनांदूरच्या आमच्या गल्लीत तिचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. कुणाच्या लग्नात वरण पातळ होतं, कोणत्या पुढाऱ्याचं भाषण पडलं, टीव्हीवरच्या मालिकेतली सून कुठं चुकली, हे आधी तिच्या ओट्यावर ठरतं आणि मग गावाला कळतं. मी बारावी पास. बचत गटाची सचिव. ठराव मी लिहिते, बैठकीत मीच वाचून दाखवते, आणि बाया जांभया देतात. तीच गोष्ट संध्याकाळी कडूबाईनं सांगितली की पदर तोंडाला लावून हसतात. चांगुलपणाचा आव कशाला आणू? माझ्या पोटात दुखतं. लग्न होऊन आले तेव्हापासून दुखतंय, सोळा वर्षं झाली.

बरं, ती माझ्याशी वाईट वागली असती तर निदान भांडता आलं असतं. तीही सोय नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं माझं सगळं केलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. अशा बाईचा मनसोक्त राग करायला फार कष्ट पडतात.

गेल्या उन्हाळ्यात तो पिच्चर आला. नाव घेत नाही, त्यांची जाहिरात आधीच पुष्कळ झालीय. शेळ्या राखून पोराला कलेक्टर करणाऱ्या एका आईची गोष्ट. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतला, ज्यानं त्यानं स्टेटसला ठेवला. आमच्या भागातले पुढारी विजयसिंह भैयासाहेब, त्यांनी बचत गटाच्या बायांसाठी अंबाजोगाईच्या टॉकीजमध्ये दुपारचा एक खेळ फुकट ठेवला. आधी त्यांचं भाषण, मग पिच्चर, आणि शेवटी एका भगिनीचं मनोगत. मनोगतासाठी माझं नाव निघालं.

आठ दिवस मी घोकत होते. भाकरी थापताना, धुणं धुताना, ओठ आपले हलतच असायचे. मला एकच पाहिजे होतं. माईक माझ्या हातात, आणि कडूबाई खाली खुर्चीत गप्प. एवढा एक दिवस.

भैयासाहेब तासभर बोलले. "मायमाऊल्यांनो, या पिच्चरमधला पोरगा म्हणजे मीच आहे. लहानपणी मीही डोंगरात शेळ्या राखल्यात!" त्यांचा आवाज भरून आला. मी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेली कडूबाई म्हणाली, "राखणारा माणूस आधी शेळीचं नाव सांगतो. माझी चांदी, माझी मोरणी. ह्यो निस्तं शेळ्या-शेळ्या करतोय. ह्यानं बाजारात बघितल्यात, रानात न्हाई." मागच्या रांगेत फिसकन हसू फुटलं.

पिच्चर सुरू झाला आणि मी रडले. आज मला तो पिच्चर फुगवलेला वाटतो, पण त्या दिवशी पदर भिजेपर्यंत रडले, ते खरं आहे. पडद्यावर ती आई शेळीचं दूध काढत होती, सनई वाजत होती, आणि माझ्या कानाशी कडूबाई.

"अगं बया, ती तर पाठ हाय! अजून व्याली न्हाई, कास सुटली न्हाई, आन् चरवी भरली? दिवसभर रानात हिंडली, तर लुगड्याला एक कुसळ न्हाई."

"गप बसा की, जाऊबाई," मी दात खाऊन म्हणाले. पण तिचं बोलणं तोवर दोन रांगा पुढं गेलं होतं. ज्या पिच्चरला अख्खं राज्य रडलं, त्याला आमच्या तीन रांगा खिदळत होत्या.

मग मला वर बोलावलं. "आदरणीय भैयासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर..." तिसऱ्या वाक्याला बाया खुर्चीखाली चपला शोधायला लागल्या. फक्त एक रांग अजून हसत होती. तिची. माझ्यावर नव्हे, तिच्याच कुठल्या तरी बोलण्यावर. माझा जळफळाट झाला. मी कागद मिटला आणि म्हणाले, "पिच्चर चांगला आहे. पण त्या आईनं जिचं दूध काढलं, ती शेळी अजून व्यालेलीच नव्हती!"

टॉकीज हसलं. टाळ्या पडल्या. मी लगेच कुसळाचंही सांगून टाकलं आणि आणखी टाळ्या पडल्या. बोलणं माझं नव्हतं, पण टाळ्या माझ्या होत्या, आणि खोटं कशाला बोलू, लाज अजिबात वाटली नाही. तिच्या रांगेकडं मात्र मी बघितलं नाही.

हसण्यात भैयासाहेब कसे मागं राहतील? त्यांनी दुसरा माईक घेतला. "वा ताई! नजर मोठी बारीक आहे तुमची. मग सांगा बरं, शेळीचं वय कसं ओळखतात? या शहरातल्या पिच्चरवाल्यांना जरा कळू द्या."

मला माहीत नव्हतं. सोळा वर्षं ज्या घरात शेळ्या आहेत, त्या घरातल्या गोठ्यात मी पाऊल टाकलेलं नाही, वासानं मला मळमळतं. तीनशे बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी एकदा कागद उघडला, त्यात शेळ्यांबद्दल काही नव्हतं.

तेवढ्यात कडूबाई उठली. तिला माईक लागत नाही, डोंगरावरून शेळ्या हाकारते ती.

"तिला कावून इचारता, भैयासाहेब? शेळ्या तर तुमी राखल्यात. तुमीच सांगा की. चार दाती शेळी किती वर्साची?"

भैयासाहेब हसले. मग हसायचे थांबले. "चार दात... म्हणजे चार वर्षांची."

टॉकीज हसून फुटलं. तिथल्या अर्ध्या बायांनी शेळ्यांची तोंडं उघडून दात बघितलेले. चार दाती म्हणजे दोन वर्षांच्या आसपास, हे त्यांची पोरंसुद्धा सांगतील.

"चार वर्साची शेळी जुळती, भैयासाहेब. तवर तिचे आठी दात येत्यात," कडूबाई समजावल्यासारखं म्हणाली आणि खाली बसली. भैयासाहेबांच्या माणसानं घाईघाईनं आभार सुरू केले.

माझी अब्रू वाचली होती. तिचे पाय धरायला हवे होते, आणि मला तिचाच राग आला होता. परतताना क्रूझरमध्ये बाया तेच तेच बोलत होत्या. चार दाती, चार वर्साची! ड्रायव्हरला दोनदा सांगून झालं. मी केलेला विनोद कुणाच्याच लक्षात नव्हता. उलट गटातल्या वत्सलाबाईनं विचारलं, "संगीता, तू कावून गप बसलतीस गं तितं?"

मी वाट बघत होते, आता कडूबाई म्हणेल, ते बोलणं माझं होतं. उत्तर मी तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबेल असं. ती बोललीच नाही. गाव जवळ आल्यावर माझ्या कानाशी वाकली.

"संगे, एक इचारू?"

"विचारा."

"माईक हातात धरल्यावर कसं वाटतं गं?"

आवाज तिचा वाटत नव्हता, इतका हळू होता. "मला बी वाटतं कवा कवा, आपल्याला कुणी वर बोलवावं. पर मला कोण बोलवणार? वाचता येणारीचंच नाव काढत्यात." बोलताना ती माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत होती. ती नजर मी ओळखली. सोळा वर्षं आरशात बघत आलेय.

तेव्हा तिचा हात धरावा, असं वाटलं. धरला नाही.

"लई जड असतो," मी म्हणाले. "सगळ्यांना न्हाई जमत."

खोटं बोलले. माईक लाटण्याएवढासुद्धा जड नसतो. कडूबाईनं मान हलवली. घरातल्या शिकलेल्या बाईचं, माझं बोलणं तिनं आजवर कधी खोटं धरलेलं नाही.