रुमालाखालचा भाव

आमच्या घरात बी.कॉम. झालेला मी पहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती न शिकलेल्या माणसाच्या हातून झाली नसती.

आजा मेंढरं राखायचा. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं सोडली आणि बैलबाजारात दलाली धरली. खांद्यावर एक मोठा पिवळा रुमाल, एवढंच त्यांचं दुकान. घेणारा आणि विकणारा यांच्या हातांवर तो रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं धरून भाव ठरवायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. हजारात की शेकड्यात, ते जनावर बघून कळतंच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा तिघांनाच ठाऊक. सौदा झाला की दादा रुमाल झटकायचे. झटकला की आकडा गेला, असं ते म्हणायचे.

नोकरीचे अर्ज करून करून थकलो असं मी लिहिणार नाही. मी फारसे केलेच नाहीत. कोणाच्या टेबलासमोर उभं राहणं माझ्या जिवावर यायचं. मी वेबसाईट काढली.

तेव्हा मोबाईल आले होते, पण आमच्याकडे त्यांच्यावर नुसतं बोलणं व्हायचं. इंटरनेट बघायचं तर आष्टीला, स्टँडमागच्या कॅफेत. तिथे चार कम्प्युटर होते, त्यातला एक कायम दुरुस्तीला उघडून ठेवलेला. तिथेच बसून, चुकत चुकत, मी फुकटातली जागा घेऊन बैलबाजाराची साईट उभी केली. बैलाचा फोटो, दात किती, रंग कोणता, गाडीला चालतो का, कोणत्या बाजाराला येणार. दसरा झाला की आमचा अर्धा जिल्हा ऊसतोडीला जातो आणि त्याआधी बैलजोड्यांची झुंबड उडते. आमची कितीतरी पोरं पुण्याकडे कारखान्यांत होती. घरच्या बैलाला पैसे तेच पाठवायचे, पण बैल त्यांना दिवाळीशिवाय दिसायचा नाही. ती पोरं माझी साईट बघतील, बघणारे वाढले की पेंडवाले, औषधवाले जाहिराती देतील, आणि घरात मीही काही आणीन, असा माझा हिशोब होता.

प्रचार करायला पैसा नव्हता. म्हणून पोळ्याला आमच्या पांढऱ्या बैलाच्या कुशीवर मी ऑइलपेंटने साईटचा पत्ता लिहिला, इंग्रजीत. दादांनी बैलाला एक चक्कर मारली.

"काय लिव्हलंय हे?"

"साईटचा पत्ता."

"बरं झालं. बैल हारपला तर माघारी आणून देतील."

मिरवणुकीत दोघांनी विचारलं, हा कुठल्या पार्टीचा माणूस उभा राहिलाय? एकाने बैलाच्या पाया पडून मत देतो म्हणून सांगितलं. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी तेच मराठीत लिहिलं. माय म्हणाली, "आता तरी त्या मुक्या जीवाला सोड."

आष्टीच्या एका पेंडवाल्याने जाहिरात द्यायचं कबूल केलं होतं, पण साईट रोज किती जण बघतात ते त्याला दाखवायचं होतं. पानाच्या तळाला आकडा दाखवणारी एक पट्टी होती. त्या पट्टीने माझं डोकं खाल्लं. सकाळी बघून यायचो, गावात पोचायच्या आत वाटायचं आता वाढला असेल. जेवताना ताटावरून उठायचो. दिवसातून तीन-तीनदा सायकल मारून आष्टी गाठायचो. कॅफेवाला माझ्याच वर्गातला.

"ए बे," तो म्हणाला, "जितके आकडे वाढलेत त्यातले निम्मे तूच हायस."

खरं होतं ते. म्हणून राग आला.

मग एक गोष्ट ध्यानात आली. फोटोखाली 'अंदाजे भाव' लिहिला की आकडा वाढतो. पुण्याहून फोन येतात, अंदाज कसला देतो, खरा सांग. खरा भाव मला कुठून कळणार? तो रुमालाखाली.

दसऱ्याला महिना असताना भरलेल्या बाजारात एका अवखळ खोंडाने कासरा ओढला आणि दादांचा उजवा तळहात सोलून निघाला. मी हळद लावून फडकं बांधलं. तेवढ्यात धारूरच्या डोंगराकडचा एक शेतकरी चार दाती, ऐन उमेदीतली जोडी घेऊन आला. देखणी जोडी होती, एका आईची दोन लेकरं वाटावीत अशी. घेणारा तयार होता. दादांची बोटं वळत नव्हती. त्यांनी रुमाल काढून माझ्या हातावर टाकला.

"आज तू धर."

लहानपणापासून मी बोटं शिकलेलो होतो, पण खेळात. त्या दिवशी पहिल्यांदा खरा हात हातात आला. शेतकऱ्याची बोटं लाकडासारखी होती. तीनदा इकडे, तीनदा तिकडे झालं आणि सौदा जमला. आकडा दादांच्या कानात सांगितला आणि मी रुमाल झटकला. दादा म्हणाले, "जमतंय की." एवढंच, पण ते चार लोकांत म्हणाले.

संध्याकाळ व्हायच्या आत मी कॅफेत होतो. जोडीचा फोटो टाकला, शेतकऱ्याचं गाव टाकलं आणि खाली लिहिलं, 'पक्का भाव'. आकडा लिहिला. मला काही चोरी केल्यासारखं वाटलं नाही. कॉलेजात शिकलो होतो, बाजारात भाव सगळ्यांना कळला पाहिजे, त्याने धंदा वाढतो. सगळ्या देशात तेच वारं होतं, सगळं खुलं करा. आमचा बाजार का म्हणून मागं ऱ्हावा?

चौथ्या दिवशी तो शेतकरी आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. उभ्यानेच बोलला, आणि माझ्याकडे न बघता दादांशी.

"दादा, तुमच्या रुमालाला भोक पडलंय."

त्याचा धाकटा भाऊ पुण्याला होता. जोडी दोघांच्या सामाईकीची. याने भावाला कमी आकडा सांगितला होता. भावाने कारखान्यातल्या मित्राकडे साईट बघितली आणि फोनवर याला चोर म्हणाला, आईच्या देखत. वरचे पैसे कशाला ठेवले होते ते त्याने सांगितलं नाही. दादांनीही विचारलं नाही.

तो गेल्यावर दादा माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रुमाल कशाला असतो, कळतं का तुला? आकडा दडवायला न्हाई. माणसानं घरी जाऊन काय बोलायचं, तेवढी जागा त्याला ठेवायला असतो. तू ती जागाच काढून घेतली."

मी सायकल काढली. आष्टीला पोचलो तर वीज गेलेली, लोडशेडिंग. कॅफेवाला पायरीवर बसून शेंगा खात होता. तीन तास मी त्या दारासमोर येरझाऱ्या घातल्या. स्टँडवर जाऊन यायचो, पुन्हा बल्बकडे बघायचो. वीज आली आणि पान उघडलं तर पट्टीवरचा आकडा कधी नव्हे एवढा वाढलेला. एकाने दुसऱ्याला सांगितलं होतं, बघ, बीडकडं बैलाचे खरे भाव कळतात. तेवढ्यात पेंडवाल्याचाही फोन, "मान गये! ये, करून टाकू जाहिरात."

खोटं कशाला बोलू, माझा हात माउसवर थांबला. ज्यासाठी पाच महिने तंगडतोड केली ते समोर होतं. कॅफेवाला मागून म्हणाला, "का थांबलास बे? पुसायचं तर पूस, न्हाईतर ऊठ, गिऱ्हाईक हाय."

मी पुसलं. ती जोडीच नव्हे, अंदाजे भावसुद्धा, सगळे.

पण बाजारात ते पुसलं गेलं नाही. पुढच्या बाजाराला दादा नेहमीच्या कडुलिंबाखाली उभे राहिले आणि त्यांच्याकडे कोणी आलं नाही. ऐन हंगाम, जनावरांची दाटी, आणि दादांचा रुमाल खांद्यावरच. लोक रामराम करायचे आणि पलीकडच्या दलालाकडे जायचे. एक म्हातारा व्यापारी जाता जाता बोललाच, "नको बाबा, उद्या पेपरात यायचं." लोक हसले. दादाही हसल्यासारखं करत होते. त्यापुढच्या बाजारालाही तेच. हाताची जखम भरली होती, तरी ते फडकं बांधून यायचे. हात दुखतो म्हणून काम नाही, असं दिसावं म्हणून. ते माझ्या लक्षात आलं आणि मला त्या बाजारात उभं राहवेना.

तिसऱ्या बाजाराला मी चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर चढलो. दलाल, व्यापारी, दोन्हीकडचे शेतकरी तिथे असतात. कोणाच्या टेबलासमोर उभं राहायला नको म्हणून नोकरी न केलेला मी, सगळ्या बाजारासमोर उभा राहिलो.

"भाव मी फोडला. दादांनी न्हाई. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि मी तो विकायला काढला. साईटवर आता एकाही जनावराचा भाव न्हाई आणि येणार न्हाई. ज्याला शिव्या घालायच्या त्यानं मला घालाव्या, पण रुमाल त्यांचा हाय, माझा न्हाई."

"शिकलेलं हाय, भाषण चांगलं करतंय," कोणीतरी म्हणालं. मी खाली उतरलो. सरळ सायकलकडे गेलो.

धारूरकडचा तो शेतकरी त्या गर्दीत होता, हे मला नंतर कळलं. भावाचा वाटा देऊन उरलेल्या पैशात त्याला एक गाय घ्यायची होती. तो सरळ लिंबाखाली गेला, गायवाल्याला ओढत आणलं आणि दादांपुढे हात केला. "टाका रुमाल." दादांनी हातावरचं फडकं सोडलं, रुमाल टाकला. मला बोलावलं नाही. मी लांब, सायकलला टेकून उभा होतो. सौदा व्हायला लई वेळ लागला, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मग रुमाल झटकल्याचा फटकारा ऐकू आला.

पेंडवाल्याने जाहिरात दिली नाही. "भाव न्हाई तर लोक काय बैलाचं तोंड बघायला येतील?" म्हणाला. पण तोंड बघायला लोक आले. पुण्याची पोरं घरच्या बैलाचे फोटो टाकायला सांगायची, विकणारे आपला फोन नंबर टाकायला सांगायचे आणि त्याचे थोडे थोडे पैसे देऊन जायचे. पट्टीवरचा आकडा मात्र कधीच तेवढा वाढला नाही. मी तो बघायला जायचं थांबवलं, असंही नाही.

हंगाम संपता संपता, शेवटच्या बाजारात, माणसं पांगल्यावर दादांनी विचारलं, "तुझ्या त्या धंद्यात मिळतंय किती?"

सहा महिन्यांत हे त्यांनी दहादा विचारलं होतं आणि दहादा मी काहीतरी सांगून टाळलं होतं. आजूबाजूला दोन-चार दलाल होते. मी त्यांच्याकडे बघितलं. दादांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. तळहातावरचा व्रण माझ्या बोटांना लागला.

मी त्यांची बोटं धरली, खरी तेवढीच.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. दादांनी लिंबाकडे बघितलं. मग रुमाल झटकायच्या ऐवजी त्यांनी माझं आणखी एक बोट धरलं आणि दाबलं. म्हणजे एवढ्यावर नाही, वर चढ.


मी त्याच संध्याकाळी पुन्हा आष्टीला गेलो.