पुठ्ठ्याचा आडोसा

माय मत कुणाला देते, ही आमच्या घरातली एकमेव गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. तिचे गुडघे, तिचं माहेर, तिच्या भाजीतलं मीठ, या सगळ्यांवर आमची बैठक बसायची. आमचे वडील, अण्णा, दर निवडणुकीला शहागंजातल्या शाळेच्या वाटेवर तिला चिन्ह समजावून सांगत. ती ‘व्हय’ म्हणायची. बाहेर आल्यावर विचारलं की नुसता पदर सावरायची. अण्णांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

यंदा शाळेच्या पायऱ्या तिला झेपणार नव्हत्या. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, तिला घरूनच मत देता यावं म्हणून अर्ज भरला. मी मान डोलावली. आमच्या घरात माझ्याकडं तेवढंच खातं आहे.

मतदानाच्या आठवडाभर आधी निवडणुकीचे साहेब, त्यांचे मदतनीस, पोलीस, कॅमेरावाला असे सगळे घरी आले. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. आडोशामागं माय, आणि तिच्या मागं दादा, वहिनी, नातवंडं. ‘गर्दी करू नका रे’ म्हणत सगळ्यांत पुढं सरकलेला मी.

“जरा बाहेर थांबता का?” साहेब म्हणाले.

“घरचीच माणसं हायेत, साहेब. अन् तिला नीट दिसत नाय,” दादा म्हणाला.

“लई दिसतंय मला. तुमी समदेच दिसायले. सरका.”

सगळे हसले. सरकलं कुणी नाही. वहिनीनं चहा पुढं केला, साहेबांनी कप घेतला.

दादानं वाकून मतपत्रिकेवर बोट ठेवलं. “माय, हे बघ. इथं.”

मायनं त्याच्या बोटाकडं पाहिलं, मग आमच्याकडं. पेनाला टोपण लावलं, कोऱ्याच कागदाची घडी केली.

“अगं, खूण?”

“तुमच्या म्होरं? नाय करत.”

साहेब कपात बघत राहिले. मग पाकीट चिकटवून त्यांनी हात जोडले. दादानं तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, ‘मायनं हक्क बजावला’. मीही अंगठा दिला.

मतदानाच्या दिवशी आम्ही बोटाला शाई लावून परतलो, तर माय चांगलं लुगडं नेसून दारात बसलेली.

“मला उचलून न्या शाळेत.”

“तुझं झालं ना, माय.”

“कवा? ते तर कोरं व्हतं.”

एकदा घरून मत घेतलं की शाळेत देता येत नाही, हा नियम मी तिला सावकाश, उदाहरणं देऊन समजावला. अशा वेळी मला फार छान समजावता येतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तुझे अण्णा बरे व्हते,” ती म्हणाली. “दाराशीच थांबायचे.”