कपाटाच्या दाराखालच्या दोन टिकल्या

आई धारला एकटी राहते. मी देवासला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि गेली तीन वर्षं एका पॅनेलच्या मागे लागले आहे. मोबाइल टॉवरकडून आलेल्या लहरी हे पॅनेल हव्या त्या कोपऱ्याकडे परतवतं, आणि ते जागचं न हलवता नुसत्या कॉम्प्युटरवरून लहरींची दिशा बदलता येते. आईच्या मधल्या खोलीत रेंज नसते, म्हणून पहिली चाचणी तिथेच घ्यायची ठरवली. फोनवर तिचा आवाज तुटला की मी फार चिडायचे.

पॅनेल लावायच्या आधी खोलीतली रेंज मोजली. आईच्या खुर्चीपाशी जवळजवळ शून्य यायला हवी होती, ती भरपूर आली. मी चक्रावले. पुन्हा मोजली, तेवढीच. मग अडचण नको म्हणून लोखंडी कपाटाचं अर्धवट उघडं दार लोटलं आणि रेंज एकदम गेली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दार नको लावू बेटा, मग तुझा फोन नाही लागत."

तिने येऊन दार पुन्हा उघडलं, फरशीवर चिकटवलेल्या लाल टिकलीपर्यंत, अगदी बेतानं. खिडकीतून येणारा सिग्नल दारावर आपटून थेट तिच्या खुर्चीकडे जात होता. माझं तीन वर्षांचं काम हिने एका टिकलीत उरकलं होतं. मला हसू आलं, थोडा रागही आला.

थोडी पलीकडे दुसरी टिकली होती, नवी दिसत होती. मी दार तिथवर नेलं आणि सवयीने कोन पाहिला. आता सिग्नल पलंगावरच्या उशीकडे जात होता. पलंगावर रेंज कशाला? आई दिवसा कधी आडवी होत नाही. फोनवर तर बोलता बोलता घरभर फिरते, म्हणूनच आवाज तुटतो.

"ही कधी लावलीस?"

तिने तोंड फिरवलं. मग हळूहळू सांगितलं. नवरात्रात कंबर धरली होती, तीन आठवडे उठताच येत नव्हतं. शेजारची भाभी जेवण आणून द्यायची आणि जाताना दार या नव्या टिकलीवर ठेवायची. मला काही कळवायचं नाही, असं आईनेच तिला बजावलं होतं.

"तुझ्या कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या. फालतू टेन्शन घेतलं असतंस."

मी पलंगावर बसले. त्या तीन आठवड्यांत मी रोज फोन केला होता आणि रोज ती म्हणाली होती, पोळ्या करतेय. आवाज एकदाही तुटला नव्हता. मी खूश होऊन तिला म्हटलंही होतं, आई, आता तुझी रेंज मस्त झाली.