जनाबाईचे मासे अन् माझं साफ पाणी

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा संपवून घ्या. माझ्या हातून जे झालं ना, ते ऐकताना घोट घशात अडकते. मीच सांगतो अन् मलेच अडकते!

त्र्याऐंशी सालची गोष्ट. गोंडपिपरीच्या पलीकडं, जंगलाले लागून असलेल्या गावात मी शाळामास्तर होतो. घराच्या भिंतींसाठी माती काढली अन् परसात हा मोठा खड्डा पडला. पावसाळ्यात तो भरे. तेवढंच आमचं तळं!

त्या तळ्यावर नजर पडली जनाबाईची. जनाबाई आमची शेजारीण, धीवराची बाई. नवरा दोन वर्षांआधी तापानं गेला, पदरात दोन पोरी. गावाबाहेरची एक बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, तिनं मासे पाळायले घेतली होती. पण माशाचं बी, म्हणजे बारकी पिलं, एकदम बोडीत सोडलं तर साप-बगळेच फस्त करतात. म्हणून आधी ते लहान खड्ड्यात बोटाएवढं वाढवायचं, मंग सोडायचं.

"गुरुजी, दोन महिने तुमच्या खड्ड्यात ठेवू द्या जी," ती म्हणाली. "ह्या माशावरच उन्हाळा काढतो आम्ही. पोरींच्या पोटाले दुसरं काई नाई."

"ठेव ना! खड्डा काय खाऊन राह्यला का?" म्या म्हटलं.

खड्ड्यानं नाई खाल्ले. म्या खाल्ले!

झालं असं की मासे वाढले, पण पाणी झालं हिरवंगार. अन् मी कोण? शाळेत रोज स्वच्छतेवर भाषण देणारा माणूस! माझ्याच परसात हे असं पाणी? त्यात एका शेतीच्या मासिकात चित्र आलं होतं. तळ्याच्या काठावर उंच वाफा करायचा, त्यात गोटे भरायचे, गोट्यांत पाणवनस्पती लावायच्या. वरून तळ्याचं पाणी ओतायचं. घाण गोट्यांत अडकते, मुळं ती खातात, अन् खालून साफ पाणी परत तळ्यात! मी तर येडाच झालो त्या चित्रापायी.

नाल्यातून गोटे आणले. कर्दळ आणली, पाणकणीस उपटून आणलं. राह्यली वाफ्याची चौकट. तर शेजारच्या पाड्यावरचे डोलूभाऊ बैलगाडीत ओल्या लाकडाच्या लांब बल्ल्या घेऊन चालले होते. डोलूभाऊ म्हणजे उभा जन्म जंगलात काढलेला गोंड म्हातारा. म्या अर्ध्या बल्ल्या मागून घेतल्या.

"गुरुजी, कुंभीच्या झाडाच्या हायेत," ते म्हणाले. "साल सोलून घ्या. सालीनं पाणी बिघडते."

आता सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? सोललं असतं! निदान कसं बिघडते, एवढं तरी इचारलं असतं! म्या काय केलं? हसलो. "अहो डोलूभाऊ, बिघडलेलं पाणी साफ करायसाठीच तर हे करून राह्यलो! ह्या वाफ्यातून गेलेलं पाणी बिघडनच कसं?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाह्यलं, बैल हाकलले अन् गेला. शिकल्या-सवरल्या माणसाशी कोण वाद घालते?

सालीसकट बल्ल्या ठोकल्या. बाहेरून माती लिंपली. गोटे, कर्दळ, पाणकणीस, सारं जागच्या जागी. खालून बांबूची नळी. काय ठेवण होती म्हणता! रविवारी सकाळी चाळीस बादल्या वाफ्यात ओतल्या अन् नळीतून पाण्याची धार लागली. थोडी तांबूस होती, फेसही येत होता. म्या म्हटलं, घाण निघून राह्यली.

घंटाभरानं मासे वर आले. सारेच्या सारे! तोंडं बाहेर काढून गोल गोल फिरून राह्यले. माझा आनंद गगनात मावेना. "जनाबाई, ये ये ये! पाह्य, साफ पाणी भेटलं तर कसे नाचून राह्यले!"

जनाबाई हातातला भाकरीच्या पिठाचा गोळा तसाच घेऊन धावत आली. पाह्यलं अन् तिचं तोंड उतरलं. "गुरुजी, हे नाचणं नाई जी..."

"ते तडफडून राह्यले!" आमची कुसुम दारातून ओरडली. कुसुम म्हणजे माझी बायको, मासिकं न वाचणारी.

"थांबा, घाबरू नका!" मी म्हटलं. "पाणी अजून पुरतं साफ नाई झालं, म्हणून तसे करतात." अन् काय केलं असन? आणखी चाळीस बादल्या ओतल्या! धावून धावून ओतल्या! जनाबाईनंही बादली घेतली, बिचारीनं. माझ्यावर विश्वास ठेवून तिनं आपल्याच माशांवर आपल्याच हातानं पाणी घातलं. हे आठवलं की आजही जेवण जात नाई.

दुपारपर्यंत खड्डा पांढराफेक झाला. पाण्यानं नव्हे, माशांच्या पोटांनी. रोज सकाळी हात जोडून पंचशीलातलं 'प्राणिहत्या करणार नाई' म्हणणारा मी, अन् हे माझ्या परसात!

जनाबाई काठावर बसली होती. बोटाएवढे मासे एकेक करून टोपलीत टाकत होती. तिची लहान पोर म्हणाली, "माय, आज मासे खायचे का?" तेव्हा तिनं पदर तोंडात कोंबला. मी तिथून उठून गोठ्यात गेलो अन् ढसाढसा रडलो.

संध्याकाळी डोलूभाऊ परतीच्या वाटेनं आले. वाफ्याची बल्ली नखानं खरवडली, साल हुंगली, खड्ड्यात डोकावले. मी मान खाली घालून उभा. म्हटलं, आता शिव्या देईन म्हातारा. द्यायलेच पायजे.

पण ते खरोखर नवलानं म्हणाले, "गुरुजी, आम्ही मासे धरायले हीच साल कुटून डोहात टाकतो. त्याच्यानं मासे गुंगतात. तरीबी अर्धे पळून जातात. तुम्ही एकबी नाई सोडला. कसं जमवलं?"

त्या साली दुसरं बी भेटलं नाई. बोडी पाण्यानं भरलेली अन् माशांनी रिकामी राह्यली. आम्ही घरचे तांदूळ नेऊन दिले, तिनं दोनदा घेतले, तिसऱ्यांदा नाई म्हटलं. उन्हाळ्यात दोन्ही पोरींना घेऊन ती मिरची तोडायले दूर गेली. मोठीची शाळा सुटली ती सुटलीच. माझ्याच वर्गात होती ती. हजेरी घेताना तिच्या नावावर आलो की मी उगाच खोकत होतो.

दुसऱ्या पावसाळ्यात जनाबाई दारात उभी. दुसरा खड्डा गावात नव्हता ना! म्या हात जोडले. "बाई, तो वाफा कवाच उखडून जाळला. खड्डाही उपसला. आता पाणी पाह्य, कसं आरशासारखं हाय!"

"तेच तं नाई पायजे जी! हिरवं पाणी म्हणजे पिलांचं खाणं. टाका शेण!"

मंग काय! स्वच्छतेवर भाषण देणारा मास्तर डोक्यावर शेणाच्या टोपल्या वाहून राह्यला अन् जनाबाई काठावरून, "आणखी टाका, आणखी!" रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. आठ दिवसांनी पाणी हिरवं झालं, तिनं बी सोडलं. म्या भीत भीत इचारलं, "आता मी काई करू का? पाण्याले हात लावला तर चालन?"

जनाबाई वर्षानंतर पहिल्यांदा हसली.

"हात खुशाल घाला, गुरुजी. डोस्कं तेवढं घालू नका."