सिताराम मिस्त्रीचं पिंप

आमच्या करंजाड्यात सिताराम मिस्त्रीच्या घरची गंमत अशी, की बाप लाद्या चिकटवतो आणि लेक उपटते. खोटं नाही सांगत. लेक स्नेहल महाप्याला लाद्या बसवायचा माल बनवणाऱ्या कंपनीत आहे. लादी चिकटवायची, मशीनने ओढायची, किती जोर लागला ते लिहायचं, हीच तिची नोकरी.

सिताराम आणि मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शेजारी बसलो. पुढे तो थापीला लागला. चाळीस वर्षं त्याचा एकच नेम: लाद्या आदल्या दिवशी पिंपात भिजवायच्या, मग सिमेंटवर बसवायच्या. थापीच्या दांड्याने ठोकून पोकळ जागा डोळे मिटून सांगायचा. पण हल्लीच्या सिरॅमिक लाद्या पाठीमागूनही गुळगुळीत, साध्या सिमेंटला धरत नाहीत. त्याच्या दोन भिंती सुटल्या आणि लोकांनी बोलावणंच बंद केलं. माणूस घरी बसून स्वतःचाच ओटा ठोकायचा.

मी म्हटलं, "माझं स्वयंपाकघर तूच कर."

"वामनभाऊ, ही भिंतपन सुटली तं थापी खाडीत टाकीन."

स्नेहलने सिमेंटऐवजी कंपनीचा पॉलिमरवाला माल पाठवला, सितारामने त्यावर भिंत केली. आठ दिवसांनी बघायला आली, एका लादीखाली छिन्नी घातली, तर लादी पापडासारखी अख्खी हातात! सितारामचं तोंड एवढंसं झालं. स्नेहलचं लक्ष मात्र कोपऱ्यात आणून ठेवलेल्या त्याच्या पिंपाकडे.

"बाबा, भिजवल्यात?"

"मंग? लादी मालातलं पानी पिते. मला शिकवतेस?"

"पिऊ दे की. पाणी धरून ठेवणारी पूड मालातच आहे. आणि पॉलिमर सुकताना लादीवर साय धरतं, चिकट. ओल्या लादीवर ती नीट धरत नाही."

माझी बायको शेवंता चहा गाळता गाळता म्हणाली, "पाणी घातलेल्या दुधावर कुठली आलीय साय!"

झालं. सिताराम ताडकन उठला. सगळ्या लाद्या काढल्या, नव्या आणल्या, कोरड्या पुसून बसवल्या. आठ दिवसांनी छिन्नी त्यानेच घेतली. ठोकतोय, ठोकतोय, शेवटी लादीचा कोपरा फुटला. बाकीची जागची हलेना.

"मोडली! वामनभाऊ, मोडली, पन सुटली न्हाय!"

"लादी माझी फुटली," शेवंता म्हणाली, "आणि नाचताय काय दोघं?"

तो फुटका कोपरा मी तसाच ठेवलाय. शेजारच्या प्रीतमला तोच दाखवला, आणि सितारामला त्याच्या न्हाणीघराचं काम मिळालं. पिंपात शेवंताने माती भरून अळू लावलंय. कामावर जाताना सिताराम थापीच्या दांड्याने पिंपालाही एक ठोका देतो, आणि म्हणतो, "भरीव हाय."