मी विझवलेली आग

नागपूरच्या जंगल-कचेरीत मी कारकून होतो. जाळरेषा (वणवा अडावा म्हणून रानात साफ केलेला रुंद पट्टा) मला फक्त नकाशावर ठाऊक होती. एका चैत्रात साहेबांनी ती प्रत्यक्ष पाहून यायला सांगितलं. मी नवे बूट घेतले. ते खाप्याच्या स्टेशनावर उतरेपर्यंतच चावू लागले.

पुढे रेंगीने (हलक्या बैलगाडीने) हाडं खिळखिळी करत एका टोल्यावर (वस्तीवर) पोचलो. तिथला नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार, सोमाजी. त्याने ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. शेजारच्या, साठी उलटलेल्या भागाबाईने भाजलेली मोहफुलं आणून दिली. जाळरेषेच्या अलीकडे तिचे पाच मोह होते.

"पावसाळ्यात दाने सरले का हेच खातो आमी," ती म्हणाली. "खाऊन पाहा, बाबू."

मी मूठभर खाल्ली आणि दुसरी मूठ निर्लज्जपणे मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीवरच्या मचाणावरून डफडं वाजलं. धूर दिसला होता. डफडं वाजलं की घरटी एक माणूस निघायचा. त्याच्या बदल्यात गावाला रानातलं गवत आणि सरपण. बायाबाप्ये हिरव्या फांद्या घेऊन धावले. सोमाजीने त्यांना रेषेवर अंतराअंतराने उभं केलं. मलाही एक फांदी मिळाली.

"बाबूजी, रेषेच्या अलीकडं ठिनगी पडली तं मारा. बाकी काही करू नोका," असं बजावून तो पुढे गेला.

वणवा अजून दूर होता. तेवढ्यात मला रेषेच्या पलीकडच्या काठाला, अगदी जवळ, गवतात ज्वाळा सरकताना दिसल्या. कुणाचंच लक्ष नव्हतं. मी धावलो, आणि वीसएक पावलांची आग एकट्याने झोडपून विझवली. मग कंबरेवर हात ठेवून शाबासकीची वाट पाहिली.

भागाबाई धावत आली. "काहून गा बाबू, इझवून काहून राहिला? ते आमीच लावली होती."

ती उलटी आग होती. वणव्याच्या वाटेतलं गवत आधीच जाळायचं, म्हणजे तो येईपर्यंत त्याला खायला काही उरत नाही. मी मात्र त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं.

सोमाजी धावत आला. पेटती काडी घेऊन तो ती जागा पुन्हा पेटवू लागला, पण वणवा पोचलाच. तेवढ्याच फटीतून ठिणग्या रेषेवरून उडाल्या. सगळे तिकडे तुटून पडले. दिवस कलताना आग शमली. तीन मोह वाचले. उरलेले दोन पोकळ बुंध्यांचे होते. ते आतून धुमसत जळून गेले.

मी भागाबाईपुढे जाऊन उभा राहिलो.

"एक दिस मी नागपूरले येतो," ती जळक्या बुंध्याकडे पाहत म्हणाली, "तुमच्या कचेरीतलं काम कराले. मलेबी ते कुठं येते?"

भोवतालची माणसं हसली. मीही हसलो, कारण रडणं बरं दिसलं नसतं. निघताना तिने मोहफुलांचं गाठोडं रेंगीत ठेवलं. मी नको म्हणालो. "ठेव गा. तुले आवडते ना," ती म्हणाली.

घरी सगळ्यांनी ती फुलं चवीने खाल्ली. मी एकही तोंडात घातलं नाही. आता पेन्शन खातो. चैत्रात ऊन तापलं की तो टोला, ती माणसं फार आठवतात. मोहाला फुलं धरायला किती वर्षं लागतात, हे मी तिला विचारलं नव्हतं. पुढे कचेरीतल्या एका पुस्तकात ते सापडलं: दहा-पंधरा वर्षं. वाचलं, आणि भागाबाईचं वय आठवून पुस्तक मिटून ठेवलं.